हिशेब हादऱ्यांचा, थकबाकी धक्क्यांची

२०२४ चा हंगाम संपल्यावर अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगने, म्हणजे एनएफएलने, एक आकडा मोठ्या समाधानाने जाहीर केला. हंगामपूर्व आणि मुख्य स्पर्धेतील सामने तसेच सराव सत्रे धरून त्या वर्षी खेळाडूंच्या मेंदूला हादरा बसल्याच्या, वैद्यकीय भाषेत कन्कशनच्या, १८२ घटना नोंदल्या गेल्या होत्या. आदल्या वर्षी हीच संख्या २१९ होती. एका वर्षात १७ टक्क्यांची घट झाली आणि २०१५ पासून ठेवल्या जाणाऱ्या नोंदींतील हा नीचांक ठरला. शिरस्त्राणांत झालेली सुधारणा आणि नियमांतील बदल यांचे हे फळ आहे, असा लीगचा दावा आहे व तो निराधार नाही. प्रश्न एवढाच उरतो, की मोजायला हवे होते ते हेच काय?

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपल्याकडील फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हाती घेऊन पुढे मुसंडी मारायची आणि प्रतिपक्षाने अंगावर झेपावून त्याला पाडायचे, असा हा खेळ. प्रत्येक डाव सुरू होताना दोन्ही बाजूंचे शंभर-सव्वाशे किलोहून अधिक वजनाचे खेळाडू समोरासमोर ओणवे होऊन उभे राहतात आणि इशारा होताच एकमेकांवर आदळतात. एका सामन्यात असे साठ-सत्तर वेळा घडते. या धडकेत बहुधा कोणी बेशुद्ध पडत नाही, कोणाला भोवळ येत नाही, वैद्याला बोलवावे लागत नाही. त्यामुळे १८२ च्या आकड्यात तिला स्थानही नसते. नेमकी हीच धडक गेल्या दोन दशकांच्या संशोधनाने संशयाच्या पिंजऱ्यात उभी केली आहे.

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. तो द्रवात तरंगत असतो. डोक्याला अचानक गती मिळाली वा ती अचानक थांबली, विशेषतः मान गर्रकन फिरली, की मेंदूच्या आतील सूक्ष्म तंतू ताणले जातात. शिरस्त्राण कवटी फुटू देत नाही, परंतु आतल्या मेंदूचे हेलकावे ते पूर्णपणे रोखू शकत नाही. असे ताण वर्षानुवर्षे येत राहिले, तर काहींच्या मेंदूत टाऊ नावाच्या प्रथिनाच्या विकृत गाठी, मेंदूच्या घड्यांच्या तळाशी व बारीक रक्तवाहिन्यांभोवती, साचू लागतात आणि त्या हळूहळू पसरतात. याच विकाराला क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, संक्षेपाने सीटीई, म्हणतात. विस्मरण, चिडचिड, नैराश्य, आवेगावरचा ताबा सुटणे आणि अखेरीस स्मृतिभ्रंश, असा त्याचा प्रवास सांगितला जातो. आजघडीला त्याचे निश्चित निदान मृत्यूनंतर मेंदूचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते.

२०२३ साली 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६३१ दिवंगत फुटबॉलपटूंच्या मेंदूंची तपासणी करण्यात आली होती. नोंद झालेल्या कन्कशनची संख्या आणि सीटीई यांचा त्यात मेळ बसला नाही. मेळ बसला तो कारकिर्दीत डोक्याने सोसलेल्या एकूण आघातांच्या जोराशी. म्हणजे लक्षणे दाखवून जाणारा एखादा मोठा हादरा नव्हे, तर काहीही न दाखवता जाणारे हजारो लहान धक्के हे खरे देणे होय. लीगचा आकडा पहिल्याचा हिशेब देतो आणि दुसऱ्याविषयी गप्प राहतो.

अशाच निष्कर्षाकडे नेणारा पुरावा आपल्या परिचयाच्या फुटबॉलमधूनही पुढे आला आहे. ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे ७,७०० माजी स्कॉटिश व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या विकाराने मृत्यू येण्याचे त्यांचे प्रमाण सर्वसामान्यांच्या साडेतीनपट आढळले. दोन वर्षांनी याच गटाने खेळाडूंच्या मैदानावरील जागेप्रमाणे वर्गवारी केली, तेव्हा चेंडू सतत डोक्याने परतवणारे बचावपटू सर्वाधिक धोक्यात, तर गोलरक्षक जवळजवळ सर्वसामान्य माणसाइतकेच सुरक्षित असल्याचे दिसले. हेडर मारताना कोणाला सहसा भोवळ येत नाही. स्कॉटलंडच्या फुटबॉल संघटनेने २०२२ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना सामन्याच्या आदल्या व दुसऱ्या दिवशी सरावात हेडर मारू देऊ नये, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. हा साधा उपाय आहे आणि तो हादऱ्यांची नव्हे, धक्क्यांची संख्या कमी करतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

अमेरिकेतील लीग मात्र या टप्प्यापर्यंत सहजासहजी आलेली नाही. तिचा इतिहास हा अज्ञानाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कागदपत्रे वेगळे सांगतात.

पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचा सेंटर माइक वेबस्टर हा सत्तरच्या दशकातील दंतकथा बनलेला खेळाडू. चार सुपर बोल विजेतेपदे आणि १९९७ साली मानाच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये प्रवेश हे त्याच्या नावावर होते. सेंटर म्हणजे प्रत्येक डावात चेंडू मागे देऊन त्याच क्षणी समोरच्याच्या धडकेला डोके लावणारा माणूस. निवृत्तीनंतर त्याचा संसार मोडला, पैसा गेला, काही काळ तो आपल्या मोटारीत झोपत असे. २४ सप्टेंबर २००२ रोजी अवघ्या पन्नासाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. मूळचे नायजेरियाचे असलेले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. बेनेट ओमालू यांनी पिट्सबर्गच्या शवागारात त्याची उत्तरीय तपासणी केली. मेंदू वरकरणी धडधाकट दिसत होता. तरीही त्यांनी तो जतन करून त्याचे छेद तपासले आणि त्यांना टाऊच्या गाठी सापडल्या. २००५ साली 'न्यूरोसर्जरी' या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. एनएफएलशी निगडित तिघा तज्ज्ञांनी तो मागे घेण्याची जाहीर मागणी केली. २०१५ साली 'कन्कशन' या चित्रपटात विल स्मिथने ओमालू यांची भूमिका केल्यामुळे ही कहाणी जगभर पोहोचली. चित्रपटाने एकट्या नायकाची गोष्ट सांगितली, जे चित्रपटाला शोभतेच. पण मुष्टियोद्ध्यांमधील अशा विकाराचे वर्णन न्यू जर्सीतील डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ सालीच केले होते. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या ठोशांनी मेंदू बिघडतो ही गोष्ट वैद्यकाला नवी नव्हती. नवे होते ते एवढेच, की आता आरोपीच्या जागी देशाचा सर्वांत लाडका आणि सर्वांत धनाढ्य खेळ होता.

१९९४ साली लीगने मेंदूच्या दुखापतींच्या अभ्यासासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्षपद मेंदुविकारतज्ज्ञाकडे नव्हे, तर एका संधिवाततज्ज्ञाकडे सोपवण्यात आले. २००३ पासून या समितीने डझनाहून अधिक निबंध प्रसिद्ध केले. व्यावसायिक खेळाडूंना वारंवारच्या हादऱ्यांनी कायमची इजा होत असल्याचा पुरावा नाही आणि हादरा बसलेला खेळाडू त्याच सामन्यात परत उतरला तरी फारसा धोका नाही, असा त्यांचा एकंदर सूर होता. समितीने १९९६ ते २००१ या काळातील सर्व नोंदी वापरल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात त्यांतून शंभराहून अधिक निदान झालेली कन्कशन गळाली होती, असे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१६ मध्ये उघडकीस आणले. मोजणीतील उणेपणाची ही परंपरा अशी जुनी आहे.

याहून बोलका आहे तो वेबस्टरच्या निवृत्तिवेतनाचा कागद. लीग आणि खेळाडू संघटना यांच्या संयुक्त निवृत्तिवेतन मंडळाने १९९९ सालीच, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या तीन वर्षे आधी, फुटबॉल खेळताना डोक्याला झालेल्या दुखापतींमुळे त्याला पूर्ण अपंगत्व आल्याचे मान्य केले होते. वाद राहिला तो ते अपंगत्व केव्हापासून धरायचे आणि पैसे किती द्यायचे याचा. तो न्यायालयात गेला आणि २००६ साली अपील न्यायालयाने वेबस्टरच्या वारसांच्या बाजूने कौल दिला. एका मंडळाच्या दप्तरात फुटबॉलमुळे मेंदू निकामी झाल्याची नोंद असताना दुसरी समिती असे होतच नाही म्हणून शास्त्रीय निबंध लिहीत होती. उजव्या हाताचे डाव्याला कळत नव्हते, असे म्हणणे फार उदार ठरेल.

ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे आयुक्त रॉजर गुडेल यांना या संबंधाविषयी सरळ उत्तर देता आले नाही. प्रतिनिधी लिंडा सांचेझ यांनी लीगची तुलना तंबाखू कंपन्यांशी केली आणि ती उपमा चिकटली. डिसेंबरमध्ये लीगच्या प्रवक्त्याने कन्कशनचे दीर्घकालीन परिणाम होऊ शकतात, असे प्रथमच मान्य केले. फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध आहे, ही जाहीर कबुली लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडून यायला मात्र मार्च २०१६ उजाडावे लागले. मधल्या काळात डेव्ह डर्सन आणि ज्युनिअर सिऊ या नामवंत माजी खेळाडूंनी अनुक्रमे २०११ आणि २०१२ साली आत्महत्या केल्या. दोघांच्याही मेंदूत पुढे सीटीई आढळला. आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा, असे डर्सन लिहून ठेवून गेला होता. निवृत्त खेळाडूंचे अपंगत्वाचे दावे तपासणाऱ्या मंडळावर हाच डर्सन सदस्य होता, हा योगायोग काळीज चिरणारा आहे.

खटल्यांची लाट २०११ पासून सुरू झाली आणि साडेचार हजारांहून अधिक माजी खेळाडू त्यांत सामील झाले. ऑगस्ट २०१३ मध्ये ७६ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड जाहीर झाली. फिलाडेल्फियाच्या न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांनी एवढी रक्कम पुरेल याची खात्री वाटत नसल्याचे सांगून तिला प्राथमिक मंजुरी नाकारली. तेव्हा एकूण रकमेवरील मर्यादा काढून टाकण्यात आली. याच सुनावणीच्या निमित्ताने लीगच्या बाजूच्या गणितज्ञांचा एक अंदाज २०१४ मध्ये उघड झाला. जवळजवळ एक तृतीयांश निवृत्त खेळाडूंना कधी ना कधी गंभीर बौद्धिक विकार जडेल, असे हे गणित होते. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांवर अतिशयोक्तीचा आरोप करणाऱ्यांच्या तिजोरीतच हा कागद होता.

तडजोडीला एप्रिल २०१५ मध्ये मंजुरी मिळाली आणि अपिले निकाली निघाल्यावर जानेवारी २०१७ पासून ती अमलात आली. वाटप झालेल्या रकमेने एक अब्ज डॉलरचा पल्ला केव्हाच ओलांडला आहे. लीगने काहीच दिले नाही, असे म्हणता येणार नाही. तथापि या दस्तऐवजाची बारीक अक्षरे वाचण्याजोगी आहेत. ज्या विकारामुळे हे सारे रामायण घडले, त्या सीटीईसाठी ४० लाख डॉलरपर्यंत भरपाई ठेवण्यात आली खरी, पण ती २२ एप्रिल २०१५ पूर्वी मृत्यू पावलेल्यांच्याच वारसांना. त्यानंतर मेलेल्याच्या मेंदूत सीटीई सापडला, तर त्यासाठी दमडी नाही. हयात खेळाडूंना अल्झायमर, पार्किन्सन, एएलएस किंवा ठरावीक पायरीचा स्मृतिभ्रंश सिद्ध करावा लागतो. नैराश्य, संतापाचे झटके, वर्तनातील बिघाड यांना या तक्त्यात जागाच नाही. घराघरांत बायका-मुलांनी आधी पाहिले ते नेमके हेच होते.

स्मृतिभ्रंशाचे मोजमाप कसे होत होते, हा तर या प्रकरणातील सर्वांत लाजिरवाणा अध्याय. चाचणीत मिळालेले गुण त्या व्यक्तीच्या मूळ बौद्धिक पातळीच्या अंदाजाशी ताडून पाहायचे असतात. हा अंदाज बांधताना वंश हा निकष वापरण्याची पद्धत मेंदुमानसशास्त्रात प्रचलित होती आणि तडजोडीतील डॉक्टर ती वापरत होते. कृष्णवर्णीयांची मूळ पातळी खालची धरली जाई. परिणामी गोरा आणि काळा खेळाडू यांना चाचणीत तंतोतंत सारखे गुण मिळाले, तरी गोऱ्याची घसरण मोठी ठरून तो भरपाईस पात्र होई आणि काळा खेळाडू 'मुळातच एवढा होता' म्हणून वगळला जाई. निवृत्त खेळाडूंत कृष्णवर्णीयांचे प्रमाण बहुसंख्येचे असताना हे घडत होते. केव्हिन हेन्री आणि नाजेह डेव्हनपोर्ट या दोन माजी खेळाडूंनी ऑगस्ट २०२० मध्ये त्याविरुद्ध दावा दाखल केला. जून २०२१ मध्ये लीगने ही पद्धत थांबवण्याचे मान्य केले आणि २०२२ मध्ये वंशनिरपेक्ष मोजमापाच्या सुधारित अटींना न्यायालयाची संमती मिळाली. नाकारलेल्या अनेकांचे गुण पुन्हा तपासले गेले. मैदानावर दोघांनीही सारखीच डोकी आपटली होती. फूटपट्ट्या तेवढ्या दोन होत्या.

लीगच्या बाजूने मांडला जाणारा एक आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. बॉस्टन विद्यापीठाच्या मेंदुपेढीत डॉ. अ‍ॅन मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली तपासलेल्या १११ माजी एनएफएल खेळाडूंपैकी ११० जणांत सीटीई आढळला. २०२३ पर्यंत ही संख्या ३७६ पैकी ३४५ झाली. हे आकडे ऐकून एनएफएलमध्ये खेळलेल्या दहांपैकी नऊ जणांना हा विकार होतोच, असा समज पसरला. तो चुकीचा आहे. ज्यांच्या वागण्यात बिघाड दिसला, त्यांचेच कुटुंबीय प्रामुख्याने मेंदू दान करतात, तेव्हा हा नमुना निवडक आहे. संशोधकही हे प्रत्येक वेळी सांगतात. सर्व खेळाडूंत खरे प्रमाण किती, याचे उत्तर जिवंतपणी निदान करणारी चाचणी हाती येईपर्यंत मिळणार नाही. शिवाय प्रत्येक आत्महत्येचे खापर टाऊच्या गाठींवर फोडणेही शास्त्राला धरून होणार नाही. पण निवडक नमुना आहे म्हणून धोका नाही, हा निष्कर्ष तर अधिकच अशास्त्रीय आहे. वारंवारचे आघात हे सीटीईचे एक कारण आहे, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या मेंदुविकार विभागाने २०२२ मध्ये आपल्या अधिकृत माहितीत नमूद केले आहे.

इथवर झाले ते भूतकाळाचे. आजच्या खेळाडूचे रक्षण कोण करतो, याची कसोटी टुआ टागोवाइलोआ या मायामी डॉल्फिन्सच्या क्वार्टरबॅकच्या बाबतीत लागली. २५ सप्टेंबर २०२२ रोजी बफलो बिल्सविरुद्धच्या सामन्यात त्याचे डोके जमिनीवर आदळले, तो उठला, चार पावले टाकताच त्याचा तोल गेला आणि सहकाऱ्यांनी त्याला सावरले. दूरचित्रवाणीवर कोट्यवधी लोकांनी ते पाहिले. तोल पाठीच्या दुखण्यामुळे गेला, असा निष्कर्ष डॉक्टरांनी काढला आणि उत्तरार्धात तो पुन्हा मैदानात उतरला. चारच दिवसांनी सिनसिनाटीत त्याला पुन्हा आपटण्यात आले. त्याची बोटे वेडीवाकडी ताठरली आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. पहिल्या तपासणीत सहभागी असलेल्या स्वतंत्र मेंदुतज्ज्ञाला खेळाडू संघटनेने कामावरून दूर केले. लीग आणि संघटना यांच्या संयुक्त चौकशीने दिलेला निर्वाळा मासलेवाईक होता: कार्यपद्धतीतील पायऱ्या पाळल्या गेल्या होत्या, मात्र निष्पत्ती अभिप्रेत होती तशी झाली नाही. त्यानंतर तोल जाणे हे लक्षण दिसताच खेळाडूला त्या दिवशी पुन्हा खेळू न देण्याचा नियम करण्यात आला. हजारो पानी नियमावल्या आणि डोळ्यांना दिसणारे सत्य यांत डोळ्यांना प्राधान्य द्यावे, हे ठरवायला एका पंचविशीतही न पोहोचलेल्या तरुणाला दोनदा कोसळावे लागले.

परंतु पुढचा भाग अधिक अवघड आहे, कारण तेथे दोष लीगवर ढकलता येत नाही. त्याच वर्षी नाताळच्या सामन्यात टागोवाइलोआला पुन्हा कन्कशन झाले. निवृत्तीचा विचार त्याने कुटुंबाशी बोलून केला आणि तो बाजूला ठेवला. पडावे कसे, हे शिकण्यासाठी त्याने जुजुत्सूचे धडे घेतले. जुलै २०२४ मध्ये चार वर्षांसाठी २१ कोटी डॉलरहून अधिक रकमेच्या करारावर त्याने सही केली आणि १२ सप्टेंबरला त्याला पुन्हा हादरा बसला. काही आठवड्यांनी मैदानावर परतताना, शिरस्त्राणावर चढवायचे 'गार्डियन कॅप' हे मऊ आवरण वापरणार का, या प्रश्नाला त्याने नकार दिला. तो आपला वैयक्तिक निर्णय असल्याचे त्याने सांगितले. सरावात हे आवरण ठरावीक जागांवरील खेळाडूंना २०२२ पासून सक्तीचे आहे आणि त्या खेळाडूंची सरावातील कन्कशन निम्म्याहून अधिक घटल्याचे लीगचेच म्हणणे आहे. सामन्यात मात्र २०२४ पासून ते केवळ ऐच्छिक आहे. मोजकेच खेळाडू ते घालतात. ते बेढब दिसते, हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. निडरपणा हाच ज्या व्यवसायाचा बाजारभाव ठरवतो, तेथे सावधपणा दाखवणे महागात पडते.

टागोवाइलोआसारखी हमीची रक्कम तर थोड्यांच्याच वाट्याला येते. बहुसंख्य खेळाडूंच्या कराराची पूर्ण रक्कम हमीची नसते, कारकीर्द सरासरी तीन-चार वर्षांची असते आणि बाकावर बसलेला पर्यायी खेळाडू संधीची वाट पाहत असतो. अशा माणसाने स्वतः होऊन 'मला गरगरते आहे' असे सांगावे, ही अपेक्षा ठेवून कोणतीही सुरक्षा व्यवस्था उभी राहू शकत नाही. क्रिस बोरलँडसारखा चोविसाव्या वर्षी, पहिल्याच यशस्वी हंगामानंतर, मेंदूच्या भीतीने २०१५ मध्ये खेळ सोडणारा खेळाडू म्हणूनच अपवाद ठरतो.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देणाऱ्यांनी पुण्यातील एक संध्याकाळ आठवावी. ३१ जानेवारी २०२५ रोजी गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या टी-२० सामन्यात शिवम दुबेच्या शिरस्त्राणावर चेंडू आदळला आणि कन्कशनचा बदली खेळाडू म्हणून हर्षित राणा उतरला. त्याने तीन बळी घेतले आणि भारत १५ धावांनी जिंकला. त्यानंतर कित्येक दिवस चर्चा रंगली ती अष्टपैलूच्या जागी वेगवान गोलंदाज चालतो का, याची. दुबेच्या डोक्याचे काय झाले, हे विचारणारे मूठभरही नव्हते. आंतरराष्ट्रीय क्रिकेटने २०१९ मध्ये हा नियम आणला तो फिल ह्यूजच्या २०१४ मधील मृत्यूनंतरच्या चिंतेतून. पाच-सहा वर्षांत तो डावपेचाचा विषय झाला.

अमेरिकी फुटबॉल बदलू शकत नाही, हा समज इतिहासाने खोटा ठरवला आहे. १९०५ साली महाविद्यालयीन सामन्यांत मृत्यू होऊ लागले, तेव्हा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून घेतले. पुढच्याच वर्षी चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली आणि घोळक्यांच्या धुमश्चक्रीचा खेळ मोकळा झाला. आज ज्या फेकीवर अमेरिका फिदा आहे, ती सुरक्षेसाठी केलेल्या दुरुस्तीतून जन्मली. अलीकडेही बदल झाले आहेत. २०११ च्या सामूहिक करारात खेळाडू संघटनेने मुख्य हंगामातील पूर्ण धडकेच्या सराव सत्रांवर १४ ची मर्यादा घालून घेतली. डार्टमथ महाविद्यालयाचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१० पासून सरावात खेळाडूंनी एकमेकांना पाडणे पूर्ण बंद केले, आणि त्यांचा संघ त्यानंतरही विजेतेपदे मिळवत राहिला. २०२४ मध्ये एनएफएलने किक-ऑफची रचना बदलली. पूर्वी दोन्ही बाजू लांबून पूर्ण वेगाने धावत येऊन आदळत. आता त्या पाच यार्डांच्या अंतरावर उभ्या राहतात आणि चेंडू झेलला जाईपर्यंत किंवा जमिनीवर पडेपर्यंत हलत नाहीत. यांपैकी प्रत्येक उपायाने धडकांची संख्या वा जोर कमी केला. शिरस्त्राणांच्या जाहिरातींना मिळते तेवढी प्रसिद्धी यांना मिळत नाही, पण मेंदूचे देणे कमी होते ते इथे.

या पायांना पुढे चालवायचे, तर दुसरे पाय मागे ओढत आहेत. २०२१ पासून मुख्य हंगामातील सामने १६ वरून १७ झाले. त्याच वर्षी लीगने दूरचित्रवाणी आणि इंटरनेट कंपन्यांशी ११ वर्षांसाठी सुमारे ११० अब्ज डॉलरचे करार केले. गुडेल यांनी १८ सामन्यांची कल्पना वारंवार बोलून दाखवली आहे. रविवारी खेळलेल्या संघाला चारच दिवसांत गुरुवारी पुन्हा उतरवणे सुरूच आहे. एक जादा सामना म्हणजे पुढच्या फळीतील खेळाडूच्या डोक्यावर साठ-सत्तर जादा धडका. त्या १८२ मध्ये दिसणार नाहीत. उद्या हा आकडा दीडशेवर आला आणि हंगाम १८ सामन्यांचा झाला, तर लीग सुरक्षेचा नवा विक्रम जाहीर करील, आणि त्याच वर्षी खेळाडूंच्या मेंदूंनी सोसलेला एकूण भार वाढलेलाही असू शकेल. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतील.

एनएफएलमध्ये कोणत्याही वेळी दोन हजारांच्या आसपास खेळाडू असतात. ते सज्ञान आहेत, धोका जाणतात आणि त्याचा मोबदला घेतात, हा युक्तिवाद त्यांच्यापुरता मान्यही करता येईल. पण अमेरिकेतील माध्यमिक शाळांत सुमारे दहा लाख मुले हाच खेळ याच पद्धतीने खेळतात. त्यांच्याकडे करार नाही, स्वतंत्र मेंदुतज्ज्ञ नाही, अनेक शाळांत पूर्णवेळ प्रशिक्षित उपचारकही नाही. तिशीच्या आत मृत्यू पावलेल्या १५२ खेळाडूंचे मेंदू बॉस्टनच्या संशोधकांनी तपासले, तेव्हा ६३ जणांत सीटीई सापडला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील बहुतेक जण हौशी खेळाडू होते. हाही दान केलेल्या मेंदूंचा, म्हणजे निवडक, नमुना आहे. तरीही विशी-पंचविशीतील मेंदूत हा विकार मुळात सापडावाच का, याचे उत्तर निवडीच्या मुद्द्यात नाही. खेळाचे प्रत्येक जादा वर्ष सीटीईची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी वाढवते, असे याच विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले होते. त्याचा साधा अर्थ असा, की दहाव्या वर्षाऐवजी चौदाव्या वर्षी धडकेचा खेळ सुरू करणे हे कोणत्याही शिरस्त्राणाहून स्वस्त संरक्षण आहे.

२८ जुलै २०२५ रोजी न्यूयॉर्कच्या पार्क अ‍ॅव्हेन्यूवरील ज्या इमारतीत एनएफएलचे मुख्यालय आहे, तेथे एका २७ वर्षीय तरुणाने गोळीबार करून चौघांचा बळी घेतला आणि नंतर आत्महत्या केली. तो लीगमध्ये कधीच खेळला नव्हता. शाळेच्या संघात खेळला होता. आपल्याला सीटीई झाला आहे आणि आपल्या मेंदूचा अभ्यास व्हावा, असे त्याने चिठ्ठीत लिहिले होते. सप्टेंबरमध्ये शहराच्या वैद्यकीय परीक्षकांनी त्याच्या मेंदूत सौम्य अवस्थेतील सीटीई आढळल्याचे जाहीर केले. त्या विकाराने हे हत्याकांड घडवले, असे वैद्यक म्हणत नाही, म्हणूही शकत नाही.

लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातील सध्याचा सामूहिक करार २०३० च्या हंगामापर्यंत आहे. १८ व्या सामन्याचा प्रश्न त्यापूर्वीच वाटाघाटींच्या मेजावर येईल, अशी चिन्हे आहेत. त्या बदल्यात संघटना जादा विश्रांतीचे आठवडे, मोठी यादी, वाढीव हिस्सा असे बरेच मागू शकेल. आज अनेक शिरस्त्राणांत आणि दंतरक्षकांत आघात टिपणारे संवेदक बसवता येतात आणि लीग स्वतःच्या अभ्यासासाठी काही संघांत ते वापरतेही. प्रत्येक खेळाडूने हंगामात एकूण किती धडका सोसल्या, याची बेरीज त्या खेळाडूच्या हाती देण्याची मागणी संघटना करते की नाही, हे पाहावे लागेल.